आतून लागणारं दार

हिंटरबाख, तिरोल
१० मार्च १९३८

चि. बुर्गी हिस दादाचा आशीर्वाद.

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात सरकारनं मला हुकूम पुष्कळ सोडले, पण विचारलं कधी काही नाही. काल विचारलं. चान्सलरसाहेबांचं भाषण ऐकायला सगळं गाव खानावळीतल्या रेडिओपुढं उभं होतं. येत्या रविवारी मत द्यायचंय: आपला ऑस्ट्रिया स्वतःच्या पायावर राहावा की नाही. शेजारच्या जर्मनीच्या पोटात जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. माझं उत्तर तयार आहे. घर गळकं झालं म्हणून कोणी शेजाऱ्याच्या गोठ्यात निजायला जात नाही.

पण आज सकाळी हुटर मास्तरांनी खानावळीत मताच्या चिठ्ठ्या आणल्या. तुला आठवतात ना ते? दिवसा शाळेत छडी, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन. पाहतो तर सगळ्या चिठ्ठ्यांवर 'होय'च छापलेलं.

मी म्हटलं, "मास्तर, 'नाही'वाल्या कुठं आहेत?"

"ज्याला 'नाही' म्हणायचंय त्यानं घरून कागद आणावा. याच मापाचा कापून."

"आणि लिहायला आडोसा?"

"'होय' म्हणायला आडोसा कशाला रे कासियान? तू काय नवी नवरी आहेस लाजायला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला ते लागलं गं. मला 'होय'च म्हणायचंय. मात्र भरवलेला घास आणि हातानं घेतलेला घास यांत फरक असतो. घरी आलो आणि तीन वर्षं मुरत ठेवलेल्या लार्चच्या फळ्या खाली काढल्या. मत देण्यासाठी एक बंदिस्त खोली करतोय, माणूस आत मावेल एवढी. रविवारपर्यंत काही व्हायची नाही. तरी रंधा चालू झालाय.

तुझ्या शिवणखान्यात आपल्या लाल-पांढऱ्या-लाल झेंड्यांची झुंबड असेल. आपल्या जावईबापूंना, फ्लोरियानला सांग, संपात गेलेली रेल्वेची नोकरी विसर आता, सामानाच्या शेडमधली हमाली काही कमी इज्जतीची नाही. पाठ सांभाळ म्हणावं.

तुझा दादा
कासियान


व्हिएन्ना
२३ मार्च १९३८

प्रिय दादा,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. एका आठवड्यात सगळं बदललं, तुला ठाऊकच आहे. ते रविवारचं मत रद्द झालं हे बरंच झालं. जर्मन सैन्य आलं तेव्हा लोकांनी इतकी फुलं उधळली की सफाईवाल्यांना दुसरा दिवस पुरला नाही. आता दहा एप्रिलला नवं मत आहे, या वेळी खरं आणि मोठ्या मनाचं. चौकात सैनिकांच्या मोठ्या हंड्यांतून गरिबांना सूप वाढतात. रेडिओवर दिवसभर उत्साहाची भाषणं असतात.

आमच्याकडे काम भरपूर आहे. आधी शिवलेले झेंडे गाडीभर परत आले. त्यांचा पांढरा पट्टा उसवायचा, लाल कापड जोडायचं, वर पांढरं वर्तुळ, की झाला नवा झेंडा. कापड वाया जात नाही. मालकीणबाई खूश आहेत.

फ्लोरियान तेरा तारखेपासून कामावर गेलाय. फार महत्त्वाचं काम आहे, राहणं-खाणं तिथंच. मला आत जायची परवानगी नाही. दर मंगळवारी धुतलेले कपडे दाराशी नेऊन देते आणि मळके घेऊन येते. तो काही कळवत नाही, इतका गुंतलेला असतो.

दादा, तूही नव्या काळाबरोबर चाल. वेळ पडली तर मत देताना आठव, माझ्या लग्नाच्या दिवशी तू फ्लोरियानला काय म्हणाला होतास.

तुझी
बुर्गी


हिंटरबाख
२७ मार्च १९३८

बुर्गी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस रंध्याला हात लावला नाही. मला वाटलं, पोस्टमननं दुसऱ्याच कोणाच्या बहिणीचं पत्र दिलं.

फ्लोरियानचं अभिनंदन कर. कामगारांच्या हक्कासाठी ज्यानं नोकरीवर पाणी सोडलं, त्याला आता इतकं महत्त्वाचं काम मिळालं की बायकोनं दाराशी उभं राहून कपडे द्यायचे! लग्नात मी त्याला म्हणालो होतो, "जावईबापू, माझ्या बहिणीला मान खाली घालायला लावू नका." ते त्यालाच आठवून दे.

इथंही कोट उलटे करून घालायची साथ आलीय. आपल्या हुटर मास्तरांच्या कोटाच्या घडीखाली म्हणे चार वर्षं नाझी पक्षाचा बिल्ला होता. आता घडी उलटली, बिल्ला वर आला. माणूस तोच, खळीची बादली तीच, भिंत तीच. फक्त चिकटवायचा कागद बदलला. आज चर्चमध्ये बिशपांचं पत्रक वाचलं: सर्वांनी 'होय' म्हणावं. आपले पाद्रीबाबा असं वाचत होते जसं दुसऱ्याच्या आजाराचं औषध आपल्याला घ्यायला लावलंय.

आणि गंमत ऐक. काल मास्तर स्वतः माझ्याकडे आले. "कासियान, तुझी ती खोली कुठंवर आली?"

"का? आता लाजायला परवानगी मिळाली वाटतं?"

"वरून हुकूम आहे, मतदानाच्या जागी आडोसा पाहिजे. जिल्ह्याचा माणूस आणि फोटोवाला येणार आहेत. आडोसा असला पाहिजे, वापरला नाही पाहिजे. समजलं? दोन बांबू आणि एक चादर लावलीस तरी चालेल."

मी म्हणालो, "मास्तर, मला वाईट काम करायला शिकवायला वडील विसरले."

नवी चिठ्ठी दाखवली त्यांनी. जर्मनीशी जोडणी मान्य आहे का आणि तिथल्या पुढाऱ्याच्या यादीला मत देता का, असा एकच लांबलचक प्रश्न. मधोमध 'होय'चं वर्तुळ, भाकरीएवढं. कोपऱ्यात 'नाही'चं, वाटाण्याएवढं. माझे डोळे अधू झालेत, पण वाटाणा मला अजून दिसतो.

तुझा भाऊ, अजून तरी
कासियान


व्हिएन्ना
३१ मार्च १९३८

दादा,

हे पत्र पोस्टानं नाही, फ्लोरियानच्या मित्राच्या हाती देतेय. पेपी, रेल्वेतला गार्ड. त्याच्याकडूनच उत्तर दे, स्टेशनवर त्याला गाठ. वाचलंस की चुलीत घाल.

तुला अक्कल कधी येणार रे? तुझ्या पाकिटाला खळ दोनदा लावलेली होती, दुसऱ्यांदा वाकडी. माझं पत्र तुझ्यासाठी नव्हतं, उघडणाऱ्यासाठी होतं. मला वाटलं, 'दाराशी कपडे' म्हटल्यावर माझा दादा समजेल. लाकडाची गाठ तुला बोटानं कळते, बहिणीची नाही.

फ्लोरियान कोठडीत आहे. तेरा तारखेला सकाळी आम्ही दोघं मत द्यायला जायचं म्हणून मी त्याचा काळा कोट इस्त्री केला होता. मत रद्द झालं होतं, तरी त्यानं तो घातला. म्हणाला, इस्त्री वाया कशाला घालवायची? साडेनऊला त्याला नेलं. जुन्या संपाच्या यादीत नाव होतं. ती यादी आपल्याच सरकारनं केली होती, दादा. यांनी नुसती कपाटातून काढली.

गेल्या मंगळवारी मळक्या कपड्यांत त्याचा सदरा आला, त्याला एक बाही नव्हती. मी नवी लावली. कोणाला विचारलं नाही.

काल मला पोलिसांच्या कचेरीत बोलावलं. साहेबानं तुझ्या पत्रातली बादलीची ओळ मोठ्यानं वाचली आणि हसला. "भाऊ सुतार ना? बरं लिहितो." मग टेबलाच्या खणावर बोट वाजवून म्हणाला, "तुझ्या नवऱ्याच्या सुटकेचा कागद इथं आहे, बाई. दहा तारीख होऊ दे. कुटुंबात कोण कसं मत देतं ते आम्हाला कळतं. अगदी तुझ्या डोंगरातलंसुद्धा."

तुझ्या पाया पडते. बांबू आणि चादर लाव. आडोशाला जाऊ नकोस. सगळ्यांसमोर, टेबलावर, मोठ्या वर्तुळात फुली मार. मीही तेच करणार आहे. पांढरी वर्तुळं मी रोज चाळीस कापते, सूपची बशी ठेवून. त्यात आणखी एक.

तुझं मत मी मागते आहे हे मला कळतं. माझ्याकडे मागायला दुसरं काही उरलं नाही.

बुर्गी


हिंटरबाख
४ एप्रिल १९३८

बुर्गे, माझे बाई,

मी गाढव आहे. तुझं पत्र वाचलं आणि माझं आधीचं पत्र आठवून कान तापले. 'फ्लोरियानचं अभिनंदन' लिहिताना हात का झडला नाही माझा! चुलीत घातलंय. तुझी फक्त सही कापून ठेवली होती, मग तीही घातली.

तू सांगतेस तसं करीन. टेबलावर, सगळ्यांसमोर, मोठ्या वर्तुळात. विषय संपला. माझं मत म्हणजे काय, एक फुली. फ्लोरियान म्हणजे आख्खा माणूस.

एकच अडचण आहे. खोली शनिवारीच पुरी झाली होती आणि मास्तरांनी ती शाळेत नेलीसुद्धा. तुझं पत्र आल्यावर मी धावत गेलो. म्हटलं, "मास्तर, द्या परत. चादर लावतो." ते ऐकेनात. हात फिरवत म्हणाले, "अरे, काय काम केलंयस! शेजारच्या गावात पोतं टांगलंय. फोटोवाला इथून हलणार नाही." जातिवंत कामाची वाहवा नको त्या माणसानं नको त्या वेळी केली.

असो. खोली असली म्हणून काय झालं? मी आत जाणार नाही.

फ्लोरियानला भेटता आलं तर सांग, दादा मूर्ख आहे पण तुमचा आहे.

कासियान


हिंटरबाख
१२ एप्रिल १९३८

बुर्गी,

पहिल्यांदा हे: तुला शब्द दिला तसं केलं. साक्षीला आख्खं गाव आहे. आता बाकीचं ऐक, कारण दुसऱ्या कोणाकडून ऐकशील तर घाबरशील.

मी आयुष्यात माणूस आत उभा राहील अशी एकच खोली केली होती: आपल्या चर्चमधलं कबुलीघर, वीस वर्षांपूर्वी. ही दुसरी करताना हात त्याच वाटेनं गेले. तीच उतरती फळी, खाली गुडघ्यांसाठी तीच पायरी, तसंच दार, आतून लाकडी खिट्टी. माझ्या ध्यानातही आलं नाही. कोऱ्या लाकडाचं कबुलीघरच करून बसलो होतो मी. आणि दिवस कोणता? झावळ्यांचा रविवार! ईस्टरच्या आधी आख्ख्या गावाला पापं कबूल करायचीच असतात. आठवडाभर लोक त्याच रांगेत उभे होते.

चर्चमधली मिसा सुटल्यावर सगळे हातात झावळ्यांऐवजी विलोच्या डहाळ्या घेऊन तसेच शाळेत आले. मास्तर टेबलामागं, शेजारी जिल्ह्याचा माणूस, कोपऱ्यात फोटोवाला. मास्तर ओरडले, "सच्चा माणूस उघड्यावर मत देतो! या, इथंच फुली मारा!"

पहिली आली क्रेसेन्झ आजी. एक्याऐंशी वर्षांची, एका कानानं बहिरी आणि दुसरा तिच्या मर्जीचा. तिनं चिठ्ठी घेतली, वळली, खोली पाहिली. छातीवर क्रॉसची खूण केली, आत गेली आणि खिट्टी लावली.

मास्तर म्हणाले, "आजी, अहो आजी! त्याची गरज नाही!"

आतून आवाज आला, "हुटर, कबुलीच्या वेळी ओरडू नये. तुझी आई असती तर कान उपटला असता."

मग झालं काय, तिच्यामागचे लोक आपसूक चार पावलं मागं सरकले आणि तोंडं भिंतीकडे फिरवून उभे राहिले, चर्चमध्ये राहतात तसे. कबुलीघराकडे टक लावून बघायचं नसतं ना. पुरुषांनी टोप्या काढल्या. एक बाहेर यायचा, दुसरा आत. कोणी कोणाकडे बघेना. जिल्ह्याचा माणूस लालबुंद. पण ईस्टरच्या तोंडावर डहाळी धरलेल्या म्हातारीला दंडाला धरून ओढणार कसा? वर फोटोवाला खुशीत, "वा, काय भाविक लोक!" त्यानं मास्तरांनाही आत धाडलं, बाहेर येतानाचा फोटो पाहिजे म्हणून. मास्तर आत गेले ते बराच वेळ आतच.

माझी पाळी आली. मी टेबलापाशी गेलो, पेन्सिल घेतली आणि सगळ्यांसमोर मोठ्या वर्तुळात फुली मारली. पेन्सिलचा आवाज आख्ख्या वर्गाला ऐकू गेला. आख्ख्या गावात उघड्यावर मत देणारा मी एकटा. खोली करणारा मीच.

बाहेर क्रेसेन्झ आजी उभी होती. म्हणाली, "सुतारा, तुझं पाप फार हलकं दिसतंय. चारचौघांत कबूल करून टाकलंस."

तुझं नाव जिभेवर आलं, गिळलं.

संध्याकाळी खोली सुटी करायला मला बोलावलं, सोमवारी वर्ग भरायचा होता म्हणून. मी खिळे काढतोय आणि पलीकडे ते तिघं मोजतायत. मोजताना माणूस पुटपुटतो, ते मी ऐकलं. एकशे त्रेचाळीस मतं. लहान वर्तुळात अठ्ठावन्न. बुर्गी, अठ्ठावन्न! जिल्ह्याच्या माणसानं घड्याळ पाहिलं. त्यानं पिशवीतून तक्ता काढला. त्यावर टंकलेलं होतं: होय १४३, नाही ०. घरूनच आणला होता. अठ्ठावन्न चिठ्ठ्या शाळेच्या शेगडीत गेल्या. मास्तरांनी मला विचारलं, "तू काही पाहिलंस?"

"मी खिळे काढत होतो, मास्तर."

मग शंभर टक्के म्हणून घंटा वाजल्या. दोन दिवस झाले, खानावळीत माझ्या बाकावर कोणी बसत नाही. आपली माणसं आहेत, बोलत नाहीत, नुसता बाक रिकामा ठेवतात. चालेल. फ्लोरियान सुटला की सगळं वसूल. काही कळलं का? त्या खणातून कागद निघाला का?

कासियान


व्हिएन्ना
१९ एप्रिल १९३८

दादा,

तुझी खोली पेपरात आली. क्रेसेन्झ आजी दारातून बाहेर पडतेय, हातात डहाळी, मागं मास्तर. खाली लिहिलंय: 'डोंगरातलं गाव, एक मन, एक मत.' आमच्या शिवणखान्यात मालकीणबाईंनी ते भिंतीला लावलंय. मी रोज त्याच्याखाली बसते. दाराचा सांधा ओळखला मी, वडिलांचा.

तुला कसं सांगू म्हणून चार दिवस लेखणी घेऊन बसतेय.

पाच तारखेच्या मंगळवारी मी कपडे घेऊन गेले, तेव्हा दारावरच्यानं गाठोडं परत दिलं. 'इथं नाही.' कुठं आहे? 'कळवतील.' मला वाटलं, सुटकेची तयारी असेल. मीच तसं वाटून घेतलं. तुला कळवलं नाही, तू डळमळू नयेस म्हणून. दहा तारखेला मी टेबलावर फुली मारली. टेबलावर मीच शिवलेला झेंडा अंथरला होता.

शुक्रवारी कार्ड आलं. छापील. 'मी ठीक आहे' हेही छापील, फक्त सही त्याची. जर्मनीच्या बायर्न प्रांतातल्या एका छावणीतून, डाखाऊ नावाची. पेपीनं चौकशी केली. एक एप्रिललाच गाडीत घालून नेलं त्याला, पश्चिम स्टेशनवरून. ज्या फलाटावर तो वीस वर्षं गाड्या सोडायचा, तिथूनच.

एक एप्रिल, दादा. तुझं मत मागणारं पत्र पेपीच्या पिशवीत होतं तेव्हाच तो गेला होता. खणात काही नव्हतंच. मी कचेरीत गेले, तर साहेबाला माझं नाव आठवेना. म्हणाला, "कोणता खण?"

तू उगाच टेबलापाशी उभा राहिलास. मीही. आपण दोघांनी जे विकलं ते कोणी विकत घेतलंच नाही, रस्त्यात सांडलं. मला माफ कर. मला राग येत नाही, रडूही येत नाही. नुसता थकवा. हात वर्तुळं कापतात, मी बघत बसते.

बुर्गी


हिंटरबाख
२४ एप्रिल १९३८

चि. बुर्गी हिस,

माफी कसली मागतेस? तू माझं मत फुकट नाही नेलंस. बहिणीनं मागितलं, भावानं दिलं. ते त्यांच्या तक्त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मी क्रेसेन्झ आजीकडे गेलो आणि तिच्या मर्जीच्या कानात सगळं सांगितलं. तिनं हातातलं विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तुझ्या कण्याला कीड लागली. लाकूड ओळखायला मीच चुकले." दुसऱ्या दिवशी माझ्या दारात वाळवलेल्या नासपतींची पिशवी होती, सोबत लोकरी मोजे. 'छावणीत पोचत असेल तर.' परवा कोणी डुकराच्या वाळवलेल्या मांसाचा तुकडा ठेवून गेलं. नाव नाही. खानावळीत काल माझ्या बाकावर दोघं येऊन बसले.

ते अठ्ठावन्न कोण, मला माहीत नाही. कळणारही नाही, खोलीच तशी झाली होती. म्हणून मी एक ठरवलंय. रस्त्यात जो भेटेल त्याला टोपी काढून नमस्कार करतो. मास्तरांनासुद्धा केला. ते दचकले. आत बराच वेळ होते ना ते, कोण जाणे.

आता माझं ऐक, या वेळी माझी पाळी मागायची. कात्री खाली ठेव आणि इकडे ये. पेपी शनिवारच्या गाडीवर आहे, त्याला सांगितलंय. कार्ड इथल्या पत्त्यावर येऊ शकतं, वाट इथूनही बघता येते. इथं शिवायला गोणपाटं आहेत, त्यांच्यावर वर्तुळं नसतात.

लार्चच्या त्या फळ्यांचा मी तुमच्या दोघांसाठी पलंग केलाय, रुंद. उरलेल्यात कपाट झालं. त्यात डावीकडचा कप्पा त्याचा. परत आलेलं ते धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं उघडू नकोस, नवी बाही लावलेला सदरा त्यात असेल ना, तसंच आण आणि त्या कप्प्यात ठेव.

दार मात्र मोडवलं नाही. तुझ्या खोलीला बसवलंय. कुरकुरत नाही, आणि आतून लागतं.

तुझा दादा
कासियान